गुरुवारची रात्र: वाटून घेतलेल्या ताब्याचं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते माझ्या वकिलीच्या ऑफिसात एकटेच आले. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला आणि एक एक्सेल शीट माझ्यापुढे सरकवली. जूनपासूनचा प्रत्येक आठवडा एका ओळीत. मुलगी वडिलांकडे किती वाजता गेली, किती वाजता परत आली, शाळेला उशीर झाला का, क्लास बुडला का, कुठली वही तिकडे राहिली. उशिराच्या चौकटी लाल केल्या होत्या. शुक्रवारचा रकाना वरपासून खालपर्यंत जवळजवळ लालच होता.

"माझ्या मुलीच्या ताब्याची ऑर्डर बदलून घ्यायची आहे," ते म्हणाले.

"तुमच्या म्हणजे?"

थोडं थांबून म्हणाले, "बायकोच्या पहिल्या लग्नाची."

'सावत्र' हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही आणि पुढच्या दीड वर्षातही माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. आपल्याकडे सावत्र आईच्या कहाण्या ढीगभर आहेत. सावत्र बापाला मात्र धड कहाणीही नाही आणि हाक मारायला शब्दही नाही. अशा घरांतून मुलं बहुतेक 'काका' म्हणतात. ही मुलगीही त्यांना काकाच म्हणायची, म्हणून पुढे मीही काकाच लिहिते. या कुटुंबातल्या तिन्ही मोठ्यांनी आणि मुलीनेही लिहायला हरकत नाही असं सांगितलं आहे. ओळख पटेल असे बारकावे मी बदलले आहेत.

चार–तीन

आईवडिलांचा घटस्फोट २०१६ मध्ये परस्पर संमतीने झाला, कोर्टाच्या आवारात ज्याला नुसतं 'म्युच्युअल' म्हणतात तसा. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. दोघंही पुण्यात कोथरूडला, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर राहत होते. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींत, त्यांनी लिहून दिलं की ताबा दोघांचा. रविवार संध्याकाळ ते गुरुवार संध्याकाळ आईकडे, गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ वडिलांकडे. चार रात्री आणि तीन रात्री. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. वडिलांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि शाळेची फी निम्मी भरायची.

हे कलम ज्याने लिहिलं त्याने बरं काम केलं होतं. 'संयुक्त ताबा' अशी वेगळी तरतूद आपल्या कायद्यात अजूनही नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली, पण ती कागदावरच राहिली. तरीही दोघं राजी असतील तर कोर्ट अशा अटी मान्य करतं. या दोघांनी ते पाच वर्षं नीट निभावलंही. दप्तर विसरलं तर कोणीतरी चपला घालून जाऊन आणायचं, इतकं ते सोपं होतं.

मग परिस्थिती एकेक करून बदलली. २०२१ मध्ये आईने दुसरं लग्न केलं. त्याच वर्षाच्या शेवटी वडिलांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वडील कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट सोडून पिंपरीला, संत तुकाराम नगरच्या जुन्या घरी राहायला गेले. २०२२ च्या जानेवारीत आईला मुलगा झाला. आणि जून २०२३ मध्ये मुलगी नववीत गेली.

मुलीची शाळा सकाळी सात दहाची, कोथरूडला. पिंपरीहून सतरा-अठरा किलोमीटर. शुक्रवारी तिला पावणेसहाला निघावं लागायचं. विद्यापीठ चौकात मेट्रोचं आणि पुलाचं काम चाललेलं होतं, तिथे एकदा गाडी अडकली की पहिला तास गेलाच. शनिवारी शाळा नव्हती, पण आठ वाजता क्लास होता आणि तोही कोथरूडलाच. म्हणजे वडिलांकडच्या तीन सकाळींपैकी दोन अंधारात उठून गाडीत झोपण्यात जात होत्या. सतरा शुक्रवारांपैकी अकरा वेळा उशिराचा शेरा. काकांची लाल चौकट खोटी नव्हती.

त्यांची मागणी सरळ होती. वडिलांकडे महिन्यातून दोन शनिवार-रविवार, बाकी सगळे दिवस इकडे. "दहावी होईपर्यंत तरी."

कागदावर नसलेला माणूस

मी त्यांना पहिलं सांगितलं ते त्यांना आवडणारं नव्हतं: हा अर्ज तुम्ही करू शकत नाही.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते सांगितलं आहे. त्याखाली एका ओळीचं स्पष्टीकरण आहे की या कलमातल्या 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. दोन-अडीच वर्षं ते पालकसभेला जात होते. डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलात दोन रात्री तेच बसले होते. रोज साडेसहाला डबा भरून तिला शाळेत सोडणारे तेच. आणि कायद्याच्या दृष्टीने ते मुलीच्या आईचे पती, एवढंच.

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "दत्तक घेतली तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, कारण तो अशा प्रत्येक घरात येतो. या घरात तो लग्नाच्या वर्षीच, गणपतीत, मुलीच्या आजीने सगळ्यांसमोर काढला होता: "आता दत्तक घेऊनच टाका, म्हणजे एक नाव, एक घर." वडील हयात आहेत, मुलीला भेटतात, पैसे भरतात, तेव्हा त्यांच्या संमतीशिवाय दत्तक होत नाही आणि ते संमती देणं शक्य नव्हतं. मी काकांना म्हणाले, हा शब्द या प्रकरणात पुन्हा तोंडातून काढू नका. त्यांनी पाळलं. पण आजीचं वाक्य दोन वर्षांपूर्वीच पिंपरीला पोचलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ते मुलीनेच, बारा वर्षांची असताना, सहज सांगितलं होतं.

दुसऱ्या भेटीला आई आली. येताना तिने एका दुसऱ्या वकिलाने केलेला मसुदा आणला होता, तेवीस पानांचा. त्यातली पहिली सोळा पानं २०१४ ते २०१६ मधल्या भांडणांची होती. वडील रागीट आहेत, वडील रात्री मोबाइल बघतात, वडिलांकडे फ्रीजमध्ये बिअर असते. मी ती सोळा पानं बाजूला काढली. ताब्याच्या हुकमात बदल मागताना कोर्टापुढचे प्रश्न दोनच असतात: तेव्हापासून काय बदललं, आणि बदलामुळे मुलीचं काय होतंय. जुना संसार पुन्हा तपासायला कोणी बसलेलं नसतं. बिअरच्या बाटलीने न्यायाधीश हलत नाहीत. अकरा उशिरांच्या शेऱ्यांनी थोडे हलतात, शाळेचं पत्र जोडलं तर जास्त.

आईला भीती होती की संमतीने दिलेल्या अटी आता बदलता येणार नाहीत. "मीच सही केली ना तेव्हा." संमतीच्या हुकमावर अपील होत नाही हे खरं आहे, कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तसं लिहिलेलंच आहे. पण अपील वेगळं आणि बदलासाठी अर्ज वेगळा. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २६ घटस्फोटानंतरही मुलांच्या ताब्याबद्दल, खर्चाबद्दल आणि शिक्षणाबद्दल वेळोवेळी हुकूम करायची मुभा देतं. रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलं की पालकत्वाचे हुकूम त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात आणि मुलाच्या हितासाठी बदलता येतात, मग ते आईवडिलांच्या संमतीने झालेले का असेनात. २०१० च्या विक्रम वीर व्होरा प्रकरणातही घटस्फोट संमतीचाच होता. आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. न्यायालय मुलाशी स्वतः बोललं आणि ठरलेल्या अटींत बदल कायम ठेवला. तेव्हा दार बंद नव्हतं. कलम २६ मध्येच आणखी काही शब्द आहेत, जे मोठी माणसं वाचताना ओलांडून जातात: शक्य तिथे मुलांच्या इच्छेला धरून.

ती इच्छा काय आहे ते तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

'कुटुंब' हा शब्द

अर्ज टाकण्याआधी वडिलांना पत्र पाठवावं असं मी सुचवलं. नोटीस नव्हे, साधं पत्र. कोर्टाच्या बेलिफाकडून कागद हातात पडला की माणूस पहिल्यांदा वकील शोधतो आणि मग विचार करतो, हा अनुभव. पत्रात शाळेच्या वेळा, क्लासच्या वेळा, उशिराचे शेरे, दहावीचं वर्ष, सगळं नीट मांडलं. आणि एक वाक्य मी असं लिहिलं: "मुलीच्या सध्याच्या कुटुंबाची अशी इच्छा आहे की…"

आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. 'कुटुंबाची' या शब्दाभोवती लाल शाईचं गोल, आणि समासात तीन शब्द: मग मी कोण?

ही चूक माझी. वीस वर्षं मसुदे लिहिणाऱ्या माणसाने करू नये अशी. त्या एका शब्दाने त्यांना जे वाटत होतं त्यावर शिक्का बसला: आजीचं दत्तकाचं बोलणं, आणि त्याच महिन्यात त्यांना कळलेली आणखी एक गोष्ट. शाळेच्या नोंदीत तातडीच्या संपर्कासाठी पहिला नंबर काकांचा होता. मुलगी मैदानावर पडली, मनगट दुखावलं, तेव्हा शाळेने काकांना बोलावलं. वडिलांना संध्याकाळी कळलं. काकांचा नंबर पहिला असणं व्यवहाराने बरोबरच होतं. ते शाळेपासून चार किलोमीटरवर काम करायचे आणि वडील चाकणला. पण तो नंबर कोणी बदलला, कधी बदलला, हे वडिलांना सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती.

त्यांनी स्वतःच अर्ज टाकला. मागणी उलटी: दहावी होईपर्यंत पूर्ण ताबा वडिलांकडे, शाळा पिंपरी-चिंचवडमध्ये बदलून द्यावी. कारणांत लिहिलं होतं की आईच्या घरी मुलीला दोन वर्षांच्या बाळाची आया करून ठेवलं आहे. मग आम्हीही आमचा अर्ज टाकला. दोन अर्ज, दोन म्हणणी. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. तारखा पडत राहिल्या, शुक्रवार लाल होत राहिले.

बाळाच्या मुद्द्याला आई संतापली. मी तिला विचारलं, गेल्या महिन्यात ती किती वेळा बाळाला सांभाळत बसली? तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि सातव्या बोटाशी थांबली. प्रत्येक वेळ तासाभराचीच होती, आणि मुलीला भाऊ जिवापाड आवडतो हेही खरं. पण नववीच्या सहामाहीच्या आदल्या संध्याकाळीही ती त्याला घेऊन बसली होती. समोरच्याच्या अर्जातली अतिशयोक्ती काढून टाकली की तळाशी काहीतरी उरतंच. ते उरलेलं मान्य करायला लावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

मुलगी बोलते

प्रकरण समुपदेशकांकडे गेलं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या ताब्याच्या बाबतीत ती नेहमीची पायरी आहे. तिथलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. मुलीने नंतर आईला आणि वडिलांना आपणहून जे सांगितलं तेवढंच इथे देते. दोघांना वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोन्हीकडे जवळजवळ सारखंच.

तिला गुरुवार नको होता. वडिलांचा कंटाळा आला म्हणून नव्हे. "गुरुवारी दुपारी मी वर्गात बसून हेच आठवत असते की काय काय भरायचं राहिलंय." दोन कंपासपेट्या होत्या, दोन चार्जर, दोन टूथब्रश. पण भूगोलाची वही एकच होती आणि ती नेहमी दुसऱ्या घरी असायची.

रविवार तिला हवा होता. रविवारी पिंपरीची आजी वॉकर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायची आणि तिच्याकडून भाकऱ्या थापून घ्यायची. तो कार्यक्रम तिला सोडायचा नव्हता. काकांच्या प्रस्तावात महिन्याचे दोन रविवार उडणार होते, हे तिला पहिल्यांदा समुपदेशकांकडे कळलं.

तिला मेट्रोने एकटीने जायचं होतं. १ ऑगस्ट २०२३ ला मेट्रोचे मधले टप्पे सुरू झाले आणि वनाजहून जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून पिंपरीकडे जाता येऊ लागलं. सकाळी सातच्या शाळेला त्याचा उपयोग नव्हता, पण शनिवारी दुपारी होता. वर्गातल्या दोघी एकट्या जात होत्या. हिला मात्र अजून आई सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचवायची, वडील गाडीत थांबलेले असायचे आणि दोघं एकमेकांकडे न बघता 'औषध दिलंय बॅगेत' एवढं बोलायचे. चौदा वर्षांच्या मुलीला ते फाटक कसं वाटत असेल याचा हिशेब चार–तीनच्या कलमात नव्हता. असणारही कसा, ते सात वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेलं होतं.

आणि शेवटचं काकांबद्दल. ती शीट तिने पाहिली होती. घरच्या लॅपटॉपवर शाळेचा प्रोजेक्ट करताना फाइल उघडली गेली. "मी काय हजेरीपट आहे का?" असं ती आईला म्हणाली. काकांनी कोर्टात येऊ नये, एवढं तिने मागितलं. "ते आले की बाबांचा चेहरा बदलतो. मग बाबा माझ्याशीपण नीट बोलत नाहीत."

हे काकांना सांगायचं काम आईने माझ्यावर ढकललं. मी फोन केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी ते तिच्यासाठीच लिहीत होतो." मी म्हणाले, "माहीत आहे." याहून जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या तारखेपासून ते आले नाहीत. ती शीटही अर्जासोबत जोडायची नाही असं आम्ही ठरवलं. शाळेचं एक पानी पत्र पुरेसं होतं. माझ्या मते प्रकरण वळलं ते इथे, पुढे न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये नव्हे.

न्यायाधीश मुलीशी चेंबरमध्ये पंधरा-वीस मिनिटं बोलले. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १७ म्हणतं की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. 'घेऊ शकतं' म्हणजे घेईलच असं नाही, आणि पसंती म्हणजे निकाल नव्हे. मुलं पढवलेली असतात, लाच खाल्लेली असतात, कधी ज्याची दया येते त्याच्या बाजूने बोलतात. हिच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी पढवून येत नाही: तिने दोघांपैकी कोणालाच हवं ते मागितलं नव्हतं.

एक ओळ

मार्चमध्ये आम्ही सगळे तडजोडीला बसलो. वडिलांचे वकील समजूतदार होते. रात्रींच्या आकड्यांवर दोन बैठका गेल्या. दर वेळी वडील एक रात्र सोडायचे आणि निघताना ती परत घ्यायचे. तिसऱ्या बैठकीत त्यांच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, रात्री राहू द्या. ते आडनावाचं एकदा लिहून द्या."

आईच्या पर्समध्ये त्या काळात एक कात्रण असायचं, २०२२ च्या अकेला ललिता निकालाचं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाह केलेल्या आईचा मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण त्या प्रकरणात मुलाचे वडील वारलेले होते, तेव्हा आईच एकटी नैसर्गिक पालक होती. इथे वडील समोर बसलेले होते. ते कात्रण वडिलांच्या वकिलांनी एका तारखेला पाहिलं होतं आणि त्यांच्या अशिलाला सांगितलं होतं. रात्रींची घासाघीस का संपत नव्हती ते मला तेव्हा कळलं.

आम्ही एक ओळ लिहिली: मुलीचं नाव, आडनाव आणि शाळा-कॉलेजातल्या नोंदींतलं वडिलांचं नाव आहे तेच राहील, सज्ञान झाल्यावर काय करायचं ते मुलीने ठरवावं. आईने सही करायला दहा मिनिटं घेतली. माझी समजूत अशी की तिलाही ते बदलायचं नव्हतंच, फक्त बदलता येतं हे हातात ठेवायचं होतं.

त्यानंतर बाकीचं एका दुपारी झालं. जून २०२४ पासून दहावीची परीक्षा संपेपर्यंत रविवार रात्र ते शनिवार दुपार आईकडे. शनिवारी क्लास सुटल्यावर मुलगी मेट्रोने पिंपरीला जाईल, रविवारी रात्री आठला वडील आणून सोडतील. बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ वडील कोथरूडला येऊन तिला जेवायला नेतील. दिवाळीची सुट्टी पूर्ण वडिलांकडे, आणि परीक्षेनंतर सलग सहा आठवडे वडिलांकडे. वर्षाच्या दीडशे रात्री शंभराच्या आत आल्या. ज्याने हे मान्य केलं तो माणूस त्याआधी एका रात्रीसाठी हटून बसला होता.

शाळेच्या ॲपचं लॉगिन दोघांनाही. पालकसभा आळीपाळीने. तातडीच्या संपर्कात आई, मग वडील, मग काका. दोघांपैकी कोणाचाच फोन लागला नाही तर हॉस्पिटलात काकांनी निर्णय घेण्याला वडिलांची आधीच संमती. कलम ६ मध्ये काकांना जागा नाही, ती अशी दोघांच्या सहीने, एवढ्याच कामापुरती करून घ्यावी लागते. अशा कागदाने ते पालक होत नाहीत. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत 'तुम्ही पेशंटचे कोण?' विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

परीक्षेच्या आठवड्यांत बाळाला सांभाळायला मुलीला बसवायचं नाही, हेही वडिलांच्या आग्रहाने घातलं. आईला ते अपमानाचं वाटलं. मला ते रास्त वाटलं.

पैशांवर मी अपेक्षेपेक्षा कमी वेळ घालवला. रात्री कमी झाल्या म्हणून दरमहाची रक्कम वाढवून मागायची नाही, क्लासची फी वडिलांनी भरायची. संपलं.

एका कलमाला माझा विरोध होता. महिन्यातून एकदा मुलगी दोन दिवस आधी सांगून शनिवार-रविवारचा बेत बदलू शकेल, कारण न देता. मला वाटलं, आता दोन्हीकडून तिची मनधरणी सुरू होईल, तिकडे पिझ्झा, इकडे मोबाइल. समुपदेशक म्हणाल्या, राहू द्या, ती वापरणार नाही. दहा महिन्यांत तिने ते तीनदा वापरलं. दोनदा मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिसऱ्यांदा काय होतं ते कोणी विचारलं नाही, कलमात तसंच लिहिलं होतं.

एप्रिल २०२४ मध्ये टर्म्स दाखल झाल्या, दोन्ही अर्ज निकाली निघाले.

नंतर

सगळं सुरळीत झालं असं नाही. बुधवारचं जेवण पहिल्या तीन महिन्यांत निम्म्या वेळा हुकलं, चाकणहून साडेसहाला कोथरूड गाठणं कोणालाच जमत नाही. ते मग साडेसात ते नऊ झालं, कागद न बदलता, दोघांच्या मेसेजवर. ऑगस्टमध्ये आईने एकदा शनिवार अडवला कारण सोमवारी चाचणी होती. वडिलांनी मला थेट फोन केला, मी म्हणाले मी तुमची वकील नाही. तासाभराने मुलगी स्वतःच पुस्तकं घेऊन मेट्रोत बसली. जिल्हा न्यायालय स्टेशनला जमिनीच्या वरून खोल भुयारात उतरून तिला गाडी बदलावी लागते. एकदा मला म्हणाली, "मला दर शनिवारी कोर्टाखालून जावं लागतं, माहितीये?"

काकांचं काय झालं ते लोक विचारतात, म्हणून सांगते. सकाळचा डबा आणि शाळेत सोडणं चालूच राहिलं, उलट आता आठवड्याचे पाचही दिवस. नोंदी ठेवणं त्यांनी बंद केलं. दहावीच्या वर्षी बीजगणित त्यांनी घेतलं आणि भूमिती वडिलांनी. हे वाटप मुलीने केलं, दोघांना परस्पर, आणि दोघांनाही बराच काळ पत्ता नव्हता की उरलेला अर्धा विषय कोण शिकवतंय.

परीक्षा मार्च २०२५ मध्ये संपली आणि ती सहा आठवड्यांसाठी संत तुकाराम नगरला गेली. १३ मे ला निकाल लागला, तेव्हाही ती तिथेच होती. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होत होते. अर्ज वडिलांच्या लॅपटॉपवर भरायला घेतला, मोबाइल नंबर मात्र सवयीने आईचा टाकला गेला. ओटीपी कोथरूडला गेला आणि आई अंघोळीला. टेबलावर वाजणारा फोन काकांनी उचलला. पलीकडे मुलगी नव्हती, वडील होते. चार वर्षांत ते दोघं एकमेकांशी थेट एक शब्दही बोलले नव्हते. काकांनी सहा आकडे वाचून दाखवले, वडिलांनी ते एकेक करून पुन्हा म्हटले.

"झालं का?"

"झालं. थांबा, अजून एक येईल म्हणतोय."

काकांनी फोन ठेवला नाही.